हजेरीपटावरची बाई : दुष्काळ, खडी आणि घरातली चूल

१९७२ च्या दुष्काळाचे एक चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते. रस्त्याच्या कडेला दगडांचा ढीग, त्याच्या पायथ्याशी पदर कपाळावर ओढून बसलेली बाई, हातात हातोडा आणि जवळच्या बाभळीला बांधलेली तान्ह्या मुलाची झोळी.

हे चित्र आपण ‘दुष्काळाची झळ’ म्हणून पाहतो आणि पुढे जातो. आजच्या धाग्यात त्यापाशी जरा थांबायचे आहे. ही बाई या ढिगापाशी आली कशी? तिच्या कामाचे माप कोण काढत होते आणि पैसे कोणाच्या हातावर पडत होते? आणि ती दिवसभर येथे खडी फोडत असताना तिच्या घरचे पाणी, दळण, चूल कोण सांभाळत होते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते. तीच.

आपत्तीत घराची घडी विस्कटते, असे आपण सहज म्हणून जातो. दख्खनच्या दुष्काळांचा इतिहास वाचताना मात्र असे दिसते की ही घडी एकाच बाजूने विस्कटते. बाई पुरुषाच्या कामावर जाते, पुरुष बाईच्या कामावर येत नाही. सरकारी हिशेबालाही हे सोयीचेच पडते. त्यासाठी शंभर वर्षे मागे जाऊ.

१८७६-७८ चा दुष्काळ. मुंबई आणि मद्रास इलाखे, म्हैसूर, निजामाचे हैदराबाद या साऱ्या प्रदेशांत पावसाने पाठ फिरवली. इंग्रज सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. त्यांवरचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवण्यात आले. त्यांनी ठरवलेली मजुरी इतिहासात ‘टेंपल वेतन’ या नावाने कुप्रसिद्ध आहे. दिवसभराच्या अंगमेहनतीला पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. स्त्रीला आणि काम करणाऱ्या मुलाला त्याहून थोडे कमी.

एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. तेवढ्या धान्यावर उन्हात दगडमाती उपसणे शक्य नाही, हे सांगायला वैद्यकशास्त्र लागत नव्हते. मुंबई इलाख्यात १८७७ च्या जानेवारीत हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारली आणि कामे सोडून दिली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. या घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष मात्र त्या ‘थोडे कमी’ या दोन शब्दांकडे वारंवार जाते.

त्यामागचा तर्क पाहा. मजुरी ठरवताना कामाचे मोल पाहिलेले नाही, शरीर जगवायला किमान किती लागते हे पाहिले आहे. बाईचे शरीर कमीत भागते, हे गृहीत. ती अंगावर पाजणारी असेल, घरी म्हातारी माणसे असतील, कामावरून परतल्यावर तिचा दुसरा दिवस सुरू होत असेल, यातले काहीही त्या गणितात बसत नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांतही मजुरांची खोदणारे आणि वाहणारे अशी विभागणी आली. खोदणारा म्हणजे पुरुष, पाटी वाहणारी म्हणजे बाई आणि पोर. पुढच्या शतकात ही विभागणी जवळजवळ जशीच्या तशी आपल्याकडे चालत आली. तिच्याकडे परत येऊच.

याच दुष्काळात १८७७ च्या एप्रिलमध्ये सावित्रीबाई फुले जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात गुरेढोरे आणि माणसे यांची दैना आहे, गाव सोडून जाणारे लोक आहेत, सावकारांचे वागणे आहे, आणि पकडल्या गेलेल्या सत्यशोधक कार्यकर्त्यांसाठी कलेक्टरशी झालेले बोलणेही आहे. एक स्त्री दुष्काळी मुलखात राहून मदतकार्य चालवते, अधिकाऱ्यासमोर उभी राहते आणि याचा वृत्तान्त पतीला सहकाऱ्याच्या नात्याने कळवते. त्या काळच्या सरकारी कागदांत स्त्री भेटते ती मदत घेणारी म्हणून. मदत चालवणारी स्त्री पाहायची तर हे पत्र उघडावे लागते.

आता एक गोष्ट सांगते, जी वाचून मी स्वतः बुचकळ्यात पडले होते. दुष्काळात बायका अधिक मरत असतील असे आपल्याला वाटते. घरात त्या सर्वांत शेवटी जेवतात, ताटात उरलेसुरले येते, मग आणखी काय होणार? पण वसाहतकालीन भारतातील दुष्काळांचे आकडे उलट बोलतात. नेहमीच्या वर्षांच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण पुरुषांमध्ये अधिक वाढलेले दिसते. अरूप महारत्न यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या प्रश्नाची सविस्तर छाननी केली आहे.

कारणांबद्दल एकमत नाही. उपासमार सोसण्याची स्त्रीदेहाची क्षमता अधिक असावी, असे एक मत. कामाच्या शोधात वणवण करणारे पुरुष वाटेतच रोगाला आणि थकव्याला बळी पडत, हे दुसरे. रानातले कंदमूळ, पाला, कोणती भाजी कशी शिजवली की विषारी राहत नाही याची माहिती बायकांकडे असे, हे तिसरे. माझा स्वतःचा कल या कारणांच्या बेरजेकडे आहे. एका गोष्टीविषयी मात्र सावध राहायला हवे. ‘बायका कमी मेल्या’ याचा अर्थ ‘बायकांचे बरे चालले होते’ असा होत नाही. जगलेल्या बाईचे पुढे काय झाले, हे मृत्यूचा आकडा सांगत नाही.

ते सांगते पंडिता रमाबाई. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले, १८७४ साली, मद्रास इलाख्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, पुराणिक. त्या दिवसांविषयी रमाबाईंनी पुढे लिहिले. भीक मागायची नाही आणि हलके समजले जाणारे काम करायचे नाही, या अभिमानापायी सारे कुटुंब उपाशी राहिले, हे त्यांनी कोणतीही सारवासारव न करता सांगितले आहे. म्हणजे दुष्काळी कामावर जाणे हीदेखील सर्वांना सारखी खुली वाट नव्हती. कुणब्याची, महाराची, मांगाची बाई पाटी उचलू शकत होती, तिने ती कायमच उचललेली होती. ‘घरंदाज’ स्त्रीपुढे उंबरठा होता. दुष्काळ संहितांनीही तो उंबरठा मान्य केला. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना कामावर न बोलावता घरपोच मदत देण्याची तरतूद त्यांत होती. उपाशी बाईची जात पाहून तिची वाट ठरत होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व तरुण विधवा यांना घेऊन परतल्या. पुण्याजवळच्या केडगावचे मुक्तिसदन त्यांतून वाढले. १९०० साली गुजरातमधूनही त्यांनी मुली आणल्या. ही धावपळ कशासाठी? निराधार मुलींना उचलून विकणारे दलाल दुष्काळी मुलखात फिरत होते आणि सरकारी मदतछावण्यांतही मुली सुरक्षित नव्हत्या. भाकरीची सोय करणाऱ्या यंत्रणेने या धोक्याचा विचार केलेला नव्हता, तो रमाबाईंनी केला. त्यांच्या धर्मांतरावर आपल्याकडे जितकी शाई खर्च झाली, तिच्या दशांशानेही या कामावर झाली नाही, हे नमूद करावेसे वाटते.

येथून ‘बहात्तर’कडे येऊ.

१९७० पासून पाऊस कमीच होता, १९७२ ला तो जवळजवळ आलाच नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने राज्यभर दुष्काळी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, विहिरी आणि सर्वांत जास्त आठवणीत राहिलेली खडी. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख. म्हणजे लेकरेबाळे, म्हातारेकोतारे, मुंबई-पुण्याचे नोकरदार हे सारे धरूनही दर दहा माणसांमागे एक जण दुष्काळी कामावर. उपासमारीचे मृत्यू मोठ्या प्रमाणावर टळले याचे श्रेय या कामांना दिले जाते, आणि ते रास्त आहे.

या ५० लाखांत बायका प्रचंड संख्येने होत्या. भूमिहीन घरांतल्या होत्याच. या वेळी बांधावरच्या, दहा-वीस एकरवाल्या घरांतल्याही आल्या. ज्या बाईने आजवर फक्त स्वतःच्या रानात खुरपे धरले होते, ती आता मुकादमाच्या हाकेला उभी राहत होती. ‘दुसऱ्याच्या बांधाला जाणार नाही’ असे म्हणणाऱ्या घरांना सरकारी काम एका अर्थी सोयीचे होते. तेथे मालक कोणी शेजारी नव्हता, सरकार होते. अब्रू थोडी झाकली जात होती.

कामाची मांडणी कशी? पुरुष टिकाव घेऊन खोदणार, बायका घमेल्यात माती भरून, डोक्यावर चुंबळ ठेवून वाहणार. दाम रोजावर नव्हते, मापावर होते. किती घनफूट माती निघाली, किती खडी फुटली, त्यावर. म्हणजे जुन्या संहितेतली ‘खोदणारा’ आणि ‘वाहणारी’ ही जोडी शंभर वर्षांनी पुन्हा रांगेत उभी होती. एक फरक मात्र पडला होता. मापावर दाम म्हटल्यावर दर एकच झाला. ढीग बाईने फोडला की पुरुषाने, हे ढिगाकडे पाहून कळत नाही. गावच्या शेतमजुरीत बाईला पुरुषापेक्षा कमी मिळायचे हे इतके नेहमीचे होते की त्याची चर्चाही होत नसे. दुष्काळी कामावर प्रथमच तो फरक कागदावर तरी उरला नाही.

कागदावर म्हणते, कारण माप टोळीचे व्हायचे. टोळीतला वाटा घरात येताना बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातावर यायचा. त्यातून बाईने किती ठेवले, किती खर्चले, याची नोंद कोणत्याही मस्टरवर नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे हात टेकावे लागतात आणि आज्यांकडे जावे लागते.

माझी आजी ‘बहात्तर’ची गोष्ट सांगताना खडीपासून सुरुवात करीत नाही. पहाटे किती वाजता उठावे लागे, तेथून करते. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, मिलो, आधी निवडायची, मग दळायची. भाकरी थापताना तुटायची. ती बांधून घ्यायची, मूल कडेवर घ्यायचे आणि उन्हे चढायच्या आत कामावर पोहोचायचे. संध्याकाळी परत आले की पुन्हा पाणी आणि चूल. मुलांसाठी कामावर मिळणारी सुकडी हा तिच्या कथेतला एकमेव गोड भाग. मी एकदा विचारले, “आजोबा काय करायचे परतल्यावर?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बसायचे. दमलेले असायचे ना.”

दमलेली तीही होती. पण ते वाक्य तिच्याकडून आले नाही, आणि मलाही ते बोलवले नाही.

मराठवाड्यात जुनी माणसे म्हणतात की बहात्तरला धान्य नव्हते, पण पाणी होते, आता धान्य आहे, पण पाणी नाही. यात तथ्य आहे. तथापि ‘पाणी होते’ म्हणजे कोणासाठी होते, हाही प्रश्न विचारायला हवा. पाणी भरणे हे बाईचे काम, त्यामुळे पाण्यावरचा जातीचा पहारा आधी तिच्या अंगावर येतो. मे १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे विहिरीच्या पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राजा ढाले यांनी ‘साधना’त लिहिलेल्या लेखामागे या घटनेचा संताप होता, आणि दलित पँथरच्या उदयाची पार्श्वभूमीही हीच. त्या वर्षाचा पाऊस आणि त्या वर्षाचा हा अत्याचार आपण वेगवेगळ्या धड्यांत वाचतो. पाणी भरायला निघालेल्या बाईसाठी ती एकच वाट होती.

शहरात काय चालले होते, तेही थोडक्यात. दुष्काळाने धान्य, तेल, साखर महागली. मुंबईत १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्या महागाईविरोधात एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या. लाटणे मोर्चा तो हाच. येथे बाई बोलत होती ती घर चालवणारी म्हणून. त्याच वेळी खडीवरची बाई मजूर झाली होती, पण तिला मजूर म्हणायला कोणी तयार नव्हते. तिचे काम म्हणजे ‘हातभार’. आजही दुष्काळाच्या आठवणींत तोच शब्द येतो. कुटुंब दोघांच्या मजुरीवर जगते, पण एकाची असते कमाई आणि दुसरीचा हातभार.

दुष्काळ सरला, पण त्यातून एक कायदा उरला. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देण्याची कल्पना त्यांनी साठच्या दशकापासून लावून धरली होती. रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली विधिमंडळाने संमत केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. (पगाराच्या पावतीवर व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले दिसतात ना? तो कर या योजनेच्या पैशासाठीच बसवला गेला. पहिली नोकरी लागलेल्यांनी चिडण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे.)

या योजनेत स्त्री-पुरुषांना एकच दर होता. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी पाळणाघर या सोयी द्यायच्या होत्या. बाभळीला बांधलेली ती झोळी अखेर नियमात आली. प्रत्यक्षात पाळणाघर म्हणजे पुष्कळ ठिकाणी एखाद्या म्हाताऱ्या मजूर बाईला मुलांजवळ बसवणे एवढेच असे, कित्येकदा तेही नसे. तरीही १८७७ च्या ‘थोडे कमी’पासून येथवरचे अंतर लहान नाही. योजनेच्या कामांवर बायका इतक्या मोठ्या संख्येने येऊ लागल्या की कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ साली रोजगार हमीवर पुस्तक लिहिले ते स्त्रियांना मिळालेली रोजगाराची संधी याच दृष्टीने. योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो ‘मजूर’ होता, त्याला बहुधा मिशा होत्या. कामावर आली ती बाई.

दुष्काळातून निघालेली दुसरी वाट मात्र अगदी उलट दिशेला गेली. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून लाखो माणसे दर हंगामात ऊसतोडीला जातात. तेथे मजुरीचे एकक माणूस नाही. ते आहे ‘कोयता’, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. नवरा ऊस तोडणार, बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. पुन्हा तेच, खोदणारा आणि वाहणारी. उचल जोडीवर मिळते आणि मुकादम ती पुरुषाच्या हातात देतो. हजेरीपटावर बाईचे निदान नाव तरी होते, कोयत्यात तेही विरघळले.

याची किंमत २०१९ मध्ये राज्यासमोर आली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली होती. यामागे खाजगी दवाखान्यांचा नफा आहे, उपचारांविषयीचे अज्ञान आहे आणि पाळीच्या दिवसांत पडणाऱ्या खाड्याची भीतीही आहे. खाडा पडला की दंड लागतो, आणि तो जोडीला लागतो. त्यामुळे बाईचे दुखणे हा पुऱ्या घराचा तोटा ठरतो.

ज्यांच्या घरी ‘बहात्तर’ पाहिलेली आजी आहे, त्यांना एक विनंती आहे. दिवाळीला गावी जाल तेव्हा तिला दुष्काळ कसा होता असे विचारू नका. त्यावर ती मिलोची गोष्ट सांगेल आणि थांबेल. विचारा की पाणी कोठून आणायचीस, कामावर बाळाला कोणाजवळ ठेवायचीस, तुमच्या टोळीचा मुकादम कोण होता, आणि पगाराच्या दिवशी पैसे मोजून कोण घ्यायचे. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि खाली गाव-तालुक्यासह टाका. पुढचा धागा त्यावरच करू.